घाटात जुनी गाडी जास्त ओढायची की नवीन ओढते?

लांज्याच्या एका तरुणाने विचारलंय. त्याच्या बाबांचा टाटा २५१५ ट्रक आहे, दहा टायर. जांभा चिरा घेऊन कोल्हापूरला जाते, येताना सिमेंट नाहीतर खत. गाडी आता थकलीय आणि हा नवीन २८ टनी, २०० एचपीची बीएस६ (धुराच्या नवीन नियमाची) घ्यायचं म्हणतोय. बाबा म्हणतात नवीन इंजिनात दम नाही, नुसते आकडे, अंबा घाटात आपली चढायची तशी ही चढणार नाही. ओळखीचे ड्रायव्हर पण तेच बोलतात. शोरूमवाला सांगतो दुप्पट ताकद. खरं कोणाचं?

मी १२१० ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मग १६१२ चालवली, लेलँडची २२१४ चालवली, लोट्याच्या एमआयडीसीतून टँकर काढले, कुंभार्ली, अंबा, फोंडा, आंबोली हे सगळे घाट भरल्या गाडीने चढलो उतरलोय. आता चिपळूणजवळ गॅरेज आहे आणि आमच्या स्वतःच्या गाड्या पण फिरतात, त्यात बीएस३ पण आहेत आणि बीएस६ पण. त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं आहे ते सांगतो. उत्तर एका ओळीत हवं असेल तर नवीन गाडी जास्त ओढते, पण शोरूमवाला म्हणतो तेवढी नाही, आणि तुझ्या बाबांना जे जाणवतं ते पण खोटं नाही, त्याला कारणं आहेत. ती कारणं नीट समजून घेतलीस तर गाडी निवडताना पैसे वाचतील.

आधी बिल्ल्यावरचा आकडा बघू. २५१५ म्हणजे २५ टन पासिंग (माल धरून गाडीचं मंजूर वजन) आणि १५० एचपीच्या आसपास. १६१२ म्हणजे १६ टन आणि १२०. ४०७ म्हणजे ४ टन आणि ७०. टाटाची ही पद्धत जुनी आहे, आकडा थोडा ढोबळ असतो पण अंदाज येतो. आता नुसते एचपी बघू नकोस, एका टनामागे किती एचपी येतात ते बघ, घाटात तेवढंच मोजतं. १६१२ ला टनामागे साडेसात. २५१५ ला सहा. २५१८ आली तेव्हा सात-सव्वासात. २०१८ साली सरकारने ॲक्सलचं वजन वाढवून दिलं, दोन ॲक्सलची गाडी १६ वरून साडेअठरा टनावर गेली आणि तीन ॲक्सलची दहा टायर २५ वरून साडेअठ्ठावीसवर. म्हणून तर २५ चे बिल्ले जाऊन २८ चे आले. मग तुझी २०० एचपीची नवीन गाडी पूर्ण पासिंगला भरली तर टनामागे किती? सात. म्हणजे १६१२ च्या पण थोडी खालीच! इंजिन मोठं झालं तसं पासिंग पण मोठं झालं, आणि वाढलेली ताकद बरीचशी वाढलेल्या वजनानेच खाल्ली. सोळा टायरची ४८२५ घेतलीस तर साडेसत्तेचाळीस टनाला २५० एचपी, म्हणजे टनामागे सव्वापाचच. ती गाडी घाटात मुंगीच्या पावलाने चढते असं ड्रायव्हर सांगतात तेव्हा इंजिन खराब आहे असं नसतं, हिशोबच तसा आहे.

हा हिशोब चढावर लावून बघू. पंधराला एक असा चढ धर, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपल्या घाटात असे तुकडे बरेच आहेत, वळणावर तर याहून उभे आहेत. २५ टन वजनाची १५० एचपीची गाडी, गिअरबॉक्समध्ये आणि क्राऊनमध्ये (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या दातांत) जाणारी ताकद वजा करून, या चढाला जास्तीत जास्त १९ च्या स्पीडने जाऊ शकते. साडेअठ्ठावीस टनाची २०० एचपीची गाडी २२ ने. बस्स, तीन किलोमीटरचा फरक. दहा किलोमीटरचा सलग चढ असेल तर चार-पाच मिनिटं आधी वर पोचशील. शोरूमवाल्याने दुप्पट सांगितलेलं असतं, ड्रायव्हर गाडी घेऊन अंबा घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यावरून वर निघतो आणि त्याला तीन किलोमीटरचा फरक दिसतो, मग तो म्हणणारच की आकडे खोटे आहेत. आणि हे सुद्धा लक्षात घे की तेवढ्या वेळात नवीन गाडीने साडेतीन टन वजन जास्त वर नेलंय, ते ड्रायव्हरला दिसत नाही, मालकाला बिलात दिसतं.

आता बाबा म्हणतील आमची २५१५ तर २५ टनावर कधीच थांबली नाही, चिरा भरून ३२ टनाच्या वर जायची तरी चढायची. चढायची, बरोबर आहे, पण त्या वजनाला त्या चढावर ती चौदा-पंधराच्या वर जाऊच शकत नाही. पहिल्या दुसऱ्या गिअरला, पाण्याचा काटा वर, खिडकीतून एक हात बाहेर, अशी चढायची. तेव्हा घाईच नव्हती, मागून कारवाले हॉर्न मारत नव्हते, म्हणून हळू चढणं कोणाला खटकलं नाही. चढली म्हणजे ताकद जास्त होती असं आपण समजतो, पण कुठलीही गाडी पुरेसा छोटा गिअर दिला तर चढते. ताकद वजन आणि वेळ दोन्ही धरून मोजायची असते.

मग जुनी गाडी जोरदार का वाटायची, तर याची खरी कारणं आहेत आणि ती मेकॅनिक म्हणून मला रोज दिसतात.

पहिलं म्हणजे डिझेलचा पंप. जुन्या गाडीला मायकोचा लाईन पंप, पूर्ण मेकॅनिकल. पॅडल दाबलं की रॅक सरकला, डिझेल गेलंच, टर्बोने हवा भरली की नाही याची वाट बघत नाही. टर्बोच्या पंपाला हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल रोखणारा डबा असायचा पण आपल्याकडे बऱ्याच गाड्यांचा तो पंपवाल्याने ढिला करून ठेवलेला, वर पंप वाढवलेला. म्हणजे बिल्ल्यावर १५० आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा बरंच जास्त. काळा धूर निघायचा, पण पॅडलखाली ओढ लगेच लागायची. त्याची किंमत पिस्टन, हेड गॅस्केट, टर्बो आणि एव्हरेज यांच्यातून जायची, ती हळूहळू जायची म्हणून लक्षात राहत नाही. नवीन गाडीत कॉमनरेल आहे, दीड-दोन हजार बारच्या प्रेशरने डिझेल जातं आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. टर्बोने हवा भरेपर्यंत तो डिझेल रोखतो, कारण धूर काढायची परवानगीच नाही. म्हणून गिअर बदलल्यावर क्षणभर गाडी बसल्यासारखी वाटते आणि मग एकदम ओढायला लागते. जुन्या हाताच्या ड्रायव्हरला तो बसलेला क्षण आधी कळतो, नंतरची ओढ त्याच्या हिशोबात येत नाही.

दुसरं क्राऊन. जुन्या टाटाला ४१ बाय ६ चा क्राऊन सर्रास असायचा, म्हणजे ६.८३ ची रेशो. नंतर ४१ बाय ७ आला, ५.८६. सहाच्या जागी सात दात झाले की चाकावरची ओढ सातवा हिस्सा कमी होते, इंजिन तेच असलं तरी, आणि बदल्यात हायवेला स्पीड आणि एव्हरेज मिळतं. नवीन गाड्या हायवे डोळ्यापुढे ठेवून अजून उंच रेशोच्या येतात, गिअरबॉक्समध्ये गिअर जास्त देतात म्हणून खालचा गिअर भरून काढतो, पण ड्रायव्हर म्हणेल "हा घाट मी तिसऱ्यात चढायचो, ही दुसऱ्यात घेते". अरे पण त्या तिसऱ्याची आणि या दुसऱ्याची चाकावरची ओढ काढून बघ, सारखीच निघेल. गिअरचा नंबर बघून ताकद मोजायची सवय सोडायला पाहिजे. मी हे इतक्या लोकांना सांगितलंय तरी गॅरेजला येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, गाडी कुठल्या आरपीएमला ओढते. ही गोष्ट नीट समजून घे. बिनटर्बोच्या १६१२ च्या इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) चारशे न्यूटन मीटरच्या आतच, २५१५ चा पाचशेच्या आसपास, आणि दोघांची पूर्ण ताकद अडीच हजार आरपीएमच्या जवळ जाऊन मिळायची. म्हणून आपले ड्रायव्हर कानाने शिकले, इंजिन ओरडलं पाहिजे तरच घाट चढतो. नवीन २०० एचपीच्या सहा सिलेंडर इंजिनाला सातशेच्या आसपास टॉर्क, आणि तो बाराशे आरपीएमलाच पूर्ण मिळतो. हिशोब केला तर सातशे टॉर्क बाराशे आरपीएमला म्हणजे ११८ एचपी. जुनं २५१५ चं इंजिन पाचशे टॉर्कवर पंधराशे आरपीएमला १०५ देतं. म्हणजे नवीन गाडी इतक्या शांत आवाजात जुन्यापेक्षा जास्त देतेय! पण जुना ड्रायव्हर काय करतो, तिला पण अडीच हजारावर ताणायला बघतो, तिथे टॉर्क पडलेला असतो, कॉम्प्युटर डिझेल आवळतो, आवाज होतो आणि ओढ नाही. नाहीतर दुसरं टोक, कोणीतरी सांगितलेलं असतं हिरव्या पट्ट्यात चालव, तो चढाला पण गिअर पाडत नाही, काटा हजाराच्या खाली जातो, गाडी धडधडते आणि मरते. हिरवा पट्टा म्हणजे साधारण बाराशे ते सोळा-सतराशे. चढाला काटा तेराशेकडे उतरायला लागला की गिअर पाड, बाराशेच्या खाली जायची वाट बघू नकोस. आणि घाटातल्या यू वळणाला गिअर वळणाच्या आधी पाडायचा, वळणात नाही. वळणात पाडलास तर टर्बोची हवा जाते आणि साडेअठ्ठावीस टनाची गाडी उभ्या चढाला परत जोर धरेपर्यंत क्लचची वाट लागते. अंब्यात आणि कुंभार्लीत जळालेल्या क्लचच्या ज्या गाड्या आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते.

अजून एक साधी गोष्ट. बऱ्याच नवीन गाड्यांत डॅशबोर्डवर लाईट, मिडियम, हेवी असा स्विच असतो. लाईटवर ठेवला की कॉम्प्युटर ताकद कमी सोडतो आणि डिझेल वाचतं, रिकाम्या गाडीला ते बरोबर आहे. पण काही मालक एव्हरेजसाठी तो लाईटवरच ठेवायला सांगतात, आणि मग भरली गाडी घाटात ओढत नाही म्हणून ओरड. गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी बॉनेट उघडायच्या आधी तो स्विच बघतो.

उंचीचा पण मुद्दा आहे. बिनटर्बोचं इंजिन शंभर मीटर वर गेलं की साधारण एक टक्का ताकद घालवतं, हवा पातळ होते म्हणून. समुद्रसपाटीवरून निघून घाटमाथ्यावर सहा-साडेसहाशे मीटर वर पोचेपर्यंत सहा-सात टक्के गेले, आणि तेही नेमके वरच्या टप्प्यात. टर्बो इंटरकूलरच्या गाडीला एवढ्या उंचीने काही होत नाही. जुन्या १६१२ वाल्यांना आठवत असेल, घाटाच्या शेवटी धूर जास्त काळा व्हायचा.

आता उताराबद्दल, कारण ताकद ताकद करताना सगळे चढाबद्दलच बोलतात आणि आपल्या घाटात माणसं मरतात ती उताराला. कोल्हापूरहून सिमेंट घेऊन येताना तू भरलेला आणि खाली उतरणारा आहेस. नवीन गाडीचं इंजिन लहान गिअरला धरून ठेवलं आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाने गाडी धरणारा) वापरला तर लायनर ड्रम गरम न करता उतरता येतं, एबीएस आहे, ब्रेक आपोआप ॲडजस्ट होतात. पण जुना नियम तोच, ज्या गिअरला चढतोस त्याच गिअरला उतर, आणि नवीन गाडीचं पासिंग जास्त असल्याने मी म्हणतो त्याहून एक खालचाच धर. एक्झॉस्ट ब्रेक जास्त आरपीएमला चांगला धरतो, बाराशेला नाही, म्हणजे उताराला अठराशे-दोन हजारावर इंजिन फिरू दे, तिथे हिरवा पट्टा विसर. लाल पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नकोस. न्यूट्रल मारून उतरणं तर पापच आहे. नवीन इंजिनाला गिअरमध्ये पॅडल सोडलं की डिझेल पूर्ण बंद होतं, उलट न्यूट्रलला आयडलिंगचं डिझेल जळतं, म्हणजे न्यूट्रल मारून डिझेल वाचतं हे पण खरं नाही. नवीन ड्रायव्हर ठेवताना मी पहिलं हे बघतो, चढ कसा चढतो ते नंतर.

इथपर्यंत नवीन गाडीची बाजू झाली. आता तुझे बाबा जिथे बरोबर आहेत तिकडे येतो.

बीएस६ गाडी १ एप्रिल २०२० पासून सक्तीची झाली आणि तिच्या सायलेन्सरच्या जागी एक अख्खा कारखाना आला. डीपीएफ धुरातली काजळी पकडतो. एससीआरमध्ये युरिया फवारून नायट्रोजनचे विषारी वायू मोडले जातात. हा युरिया म्हणजे शेतातला नाही, साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. डिझेलच्या चार-सहा टक्के लागतो, तो खर्च हिशोबात धर. संपला किंवा पातळ केला तर कॉम्प्युटर गाडीची ताकद कापतो, आणि मग घाटात खरंच ओढ नसते. एका गाडीच्या टाकीत ड्रायव्हरने विहिरीचं पाणी घातलेलं मी बघितलंय, खारट मचूळ पाणी, त्यात सगळी नोझल आणि कॅटलिस्ट गेला, बिल लाखात. कोणी सांगेल की सेन्सर फसवायची चिप लावतो, युरिया लागणार नाही. लावू नकोस. बेकायदा आहे, फिटनेसला अडकते, वॉरंटी जाते, आणि जो धूर आपण सोडतो तो आपल्याच गावातली पोरं खातात.

डीपीएफची काजळी जाळायला एक्झॉस्ट साडेपाचशे सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो. मुंबई-गोवा हायवेला लांब पल्ल्याची गाडी असेल तर हे चालता चालता होतं, ड्रायव्हरला कळत पण नाही. घाट चढताना तर आपोआप तापतोच, म्हणून तुझ्या कोल्हापूर लाईनला त्रास कमी आहे. त्रास कोणाला, तर खाणीवरून धक्क्यावर, क्रशरवरून साईटवर अशा पाच-दहा किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्याला. गाडी तापायच्या आत बंद, परत चालू, परत बंद, काजळी साठत जाते, लाईट लागते, ड्रायव्हर लक्ष देत नाही आणि एक दिवस गाडी तीस-चाळीसच्या वर जात नाही. मग लॅपटॉप लावून उभ्या गाडीवर जाळावी लागते. ते करताना एक काळजी घ्यायची, आणि ही कोकणातल्या माणसाने फार घ्यायची. फेब्रुवारी ते मे सडे वाळलेल्या गवताने भरलेले असतात, आंब्याच्या सीझनला पॅकिंगच्या शेडजवळ पेंढा पडलेला असतो. अशा जागी गाडी उभी करून काजळी जाळायचं बटण दाबू नकोस. सहाशे डिग्रीचा एक्झॉस्ट गवताजवळ म्हणजे बाग गेली.

आणि खारी हवा. जुन्या गाडीत वायरिंग म्हणजे स्टार्टर, अल्टरनेटर, दिवे आणि हॉर्न. नवीन गाडीत दर दोन फुटाला सेन्सर आणि कनेक्टर. बंदरावरून मासळी उचलणाऱ्या गाड्यांचं बघ, बर्फाचं मीठपाणी चासीवर गळतं, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि मग कधी युरियाची लाईट, कधी पॅडलचा एरर, कधी रस्त्यातच ताकद कापलेली. इंजिन ठणठणीत आणि गाडी ओढत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बीएस६ च्या तक्रारीत खरं इंजिन खराब असणं फार कमी, पिन साफ करून गाडी परत पाठवतो अशा जास्त. पावसाळ्याआधी सगळे कनेक्टर उघडून, सुकवून, इलेक्ट्रिकचं ग्रीस लावून घ्यायचे, आणि सर्व्हिसिंगवाल्याला सांगायचं की प्रेशरचं पाणी कॉम्प्युटरवर आणि कनेक्टरवर मारू नकोस. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. जुन्या पंपाच्या गाड्या पाणी काढून, ऑईल, डिझेल, फिल्टर बदलून, स्टार्टर अल्टरनेटर बांधून परत उभ्या राहिल्या. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आणि वायरिंगमध्ये चिखल गेला त्यांचं काम महिनोन्‌महिने चाललं, काही गाड्या सुटल्याच नाहीत. या बाबतीत जुनी गाडी सरस आहे हे मान्य करायलाच पाहिजे. अनुस्कुऱ्यात रात्री बंद पडली तर १६१२ चा ड्रायव्हर स्वतः एअर काढून, पाईप बांधून गाडी चालू करायचा. नवीन गाडीला स्कॅनर घेऊन माणूस यावा लागतो, तो रत्नागिरीहून किंवा कोल्हापूरहून येणार, तोपर्यंत चिरा रस्त्यावर.

चिऱ्याच्या गाडीला अजून एक भानगड आहे. पावसात खाणी बंद, गाडी जूनपासून तीन-चार महिने दारात उभी, त्यात गणपतीत हायवेला अवजड गाड्यांना बंदी. जुनी गाडी बॅटरी काढून ठेवली की झालं. नवीन गाडीचा युरिया उष्णतेत खराब होतो, नोझलला पांढरे खडे धरतात, बॅटरी जीपीएसमुळे उतरते. उभी करणार असशील तर आठवड्याला एकदा चालू करून दहा-पंधरा किलोमीटर खरोखर फिरवून आण, जागेवर आयडलिंग करून उपयोग नाही, उलट काजळी साठते. सीझन सुरू करताना टाकीतला जुना युरिया काढून नवीन भर. डिझेलचा पाणी फिल्टर पावसात दर आठवड्याला सोडायचा, कॉमनरेलच्या इंजेक्टरला पाण्याचा एक घोट पण चालत नाही. ऑईल बीएस६ चंच, कमी राखेचं, जुनं उरलेलं टाकलंस तर डीपीएफ राखेने भरतो आणि राख जाळून जात नाही. घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलास तर चावी लगेच फिरवू नकोस, दोन मिनिटं आयडल ठेव, टर्बोला ऑईल मिळू दे.

आता तुझ्या घरच्या भांडणाचं. शोरूमवाल्याच्या आणि बाबांच्या शब्दावर जाऊ नकोस, मोजून बघ. डेमो गाडी माग, बहुतेक देतात. तुझी २५१५ आणि ती, दोन्ही गाड्या वजनकाट्यावर घाल आणि पावती घे, दोन्ही आपापल्या पासिंगला भरलेल्या पाहिजेत, ओव्हरलोड नको. एकाच दिवशी, शक्यतो सकाळी, साखरप्याच्या पुढे जिथे चढ सुरू होतो तिथून आंबा गावापर्यंत. मोबाईलवर वेळ लाव. टाकी आधी फुल, वर जाऊन परत फुल, लिटर लिहून घे, नवीन गाडीचा युरिया पण. मग वेळ नुसती बघू नकोस, एक टन माल वर न्यायला किती डिझेल लागलं ते काढ. माझ्या अनुभवात खरा फरक तिथे दिसतो, वेळेत थोडा आणि टनामागच्या डिझेलमध्ये चांगला. आणि डेमो बाबांना चालवू दे, पण आधी कोणीतरी जाणता ड्रायव्हर एक खेप त्यांच्या शेजारी बसून हिरवा पट्टा, वळणाआधी गिअर आणि तो स्विच समजावून सांगू दे. ज्याने आयुष्यभर कानाने गाडी चालवली त्याचे कान पंधरा दिवसांत नवीन आवाजाला पण बसतात, आमच्याकडचे पन्नाशीचे ड्रायव्हर बसलेच की.

बुक करताना तीन गोष्टी कागदावर लिहून घे. क्राऊनची रेशो कुठली ते, एकाच मॉडेलला दोन तीन पर्याय असतात आणि तू सांगितलं नाहीस तर हायवेवाली येईल, तुला घाटवाली हवी. दुसरं गिअरबॉक्स, नऊ गिअरचा मिळत असेल तर तो घे, पहिल्या खालचा क्रॉलर भरल्या गाडीला चिऱ्याच्या खाणीतून वर काढायला फार उपयोगी पडतो. तिसरं, सर्व्हिसवाला माणूस साखरपा-लांजा भागात किती तासात पोचणार ते. एचपी १८० की २०० की २५० यात फार अडकू नकोस, तुझ्या २८ टनाला २०० पुरे आहेत. १८० ची स्वस्त मिळाली तर टनामागे सव्वासहा येतात, म्हणजे २५१५ च्या जवळच, मग नवीन घेऊन घाटात फरक काय पडला असं बाबा म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल.

२५१५ लगेच विकू नकोस. १५ वर्षांच्या वर गेली असेल तर फिटनेसचा खर्च बघ, परवडत असेल आणि चासी गंजलेली नसेल तर खाणीवरून धक्क्यापर्यंतच्या छोट्या खेपांना तीच ठेव, पंप कंपनीच्या सेटिंगला आणून, पासिंगएवढंच भरून. नवीन गाडी कोल्हापूर लाईनला घाल, तिला तापायला लांब रस्ता मिळेल. चासी बघताना मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि क्रॉस मेंबरच्या रिव्हेटजवळ हातोडीने ठोकून बघ, पापुद्रे पडले तर मग विचार करू नकोस, विकून टाक.